पहिला फर्मेंटर? साधी बादलीच घ्या

घरी बिअर बनवायला पहिला फर्मेंटर, म्हणजे ती आंबवायचं भांडं, कोणता घ्यावा असं तुम्ही विचारलंत. काच, स्टील की प्लॅस्टिक या घोळात अडकू नका. तुम्ही अमेरिकेत आहात, म्हणजे होमब्रूच्या (घरी बिअर करायच्या सामानाच्या) दुकानातून 6.5 गॅलनची फूड-ग्रेड बादली आणा, झाकणाला एअरलॉकचं भोक असलेली. एअरलॉक म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी छोटी नळी. नेहमीची बॅच 5 गॅलनची, साधारण 19 लिटर. वरची रिकामी जागा फेसासाठी लागते. भांडं काठोकाठ भरलं की एक-दोन दिवसांत फेस एअरलॉकमध्ये चढतो, तिथे तुंबतो, आणि झाकण उडून कपाटभर चिकट तपकिरी शिंतोडे!

काचेचा कारबॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली) दिसायला झकास. पण भरला की वीस किलोच्या वर जातो, धुताना ओल्या हातातून सटकतो, आणि फुटला तर थेट टाकेच. नवख्याला मी तो सुचवत नाही.

नवीन मंडळी हमखास चुकतात ती इथे:

- बादली तारेच्या घासणीने घासतात. ओरखड्यांत जंतू दडून बसतात, मग सॅनिटायझर ओतूनही बिअर बिघडते. मऊ फडकं वापरा.
- लोणच्याची जुनी बादली फुकट मिळते म्हणून घेतात. तो वास प्लॅस्टिकमधून जात नाही.
- बादलीला खाली तोटी असेल तर ती सुटी करून धूत नाहीत.
- एअरलॉक बुडबुडत नाही म्हणून घाबरतात. बादलीच्या झाकणातून थोडा गॅस निसटतोच. आंबणं चालू आहे का ते हायड्रोमीटरने (द्रवाची घनता दाखवणारं उपकरण) मोजा.

दुसऱ्या भांड्यात बिअर काढणं, शंकूच्या आकाराच्या स्टीलच्या टाक्या, प्रेशर वगैरे भानगडी सध्या राहू द्या. बादलीला ओरखडे दिसले की सरळ नवी घ्या, स्वस्त असते.