बेळगाव भागातल्या एकाच स्मशानभूमीत दहन आणि दफन दोन्ही का दिसते? ती जागा नेमकी कुणाची?

दोन्ही दिसते, कारण या भागात दोन परंपरा शेजारी नांदतात, आणि सार्वजनिक स्मशानभूमीची जागा बहुधा सरकारी असते, कुठल्याही एका समाजाची नाही. मराठा आणि इतर बरेच समाज दहन करतात. लिंगायत पुरतात, तेही बसवून: खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा कोरतात, त्यात देह मांडी घालून ठेवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग (लिंगायत अंगावर धारण करतात ते छोटे शिवलिंग), वर विभूती आणि बेलाची पाने. म्हणून चितेच्या शेडपासून चार पावलांवर समाध्या दिसतात.

जागेचे मूळ मुंबई इलाख्यात आहे. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि इथे 1879 चा मुंबई जमीन महसूल कायदा चाले. कलेक्टरने गायरान किंवा इतर सार्वजनिक कामासाठी सरकारी जमीन राखून ठेवायची तरतूद त्यात होती. तीच पुढे 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 71 मध्ये आली. अशी राखीव जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. अतिक्रमणाचा वाद असेल तर हे कलम जरूर दाखवा, ते फार कामाचे आहे.

एक मात्र ध्यानात घ्या. बरीच लिंगायत घराणी स्वतःच्या शेतातच पुरतात. ती जागा सार्वजनिक नव्हे, पहाणी उताऱ्यावर मालकाचेच नाव असते. त्यामुळे आधी सर्व्हे नंबर काढून उतारा बघा, मगच दावा करा.