दोन टन पेलेट: स्वस्त पिशव्यांसाठी शिल्लक मोडावी का?

प्रश्न: घरात पेलेटवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारा स्टोव्ह आहे. हंगामाला साधारण दोन टन, म्हणजे १५ किलोच्या १३३ पिशव्या लागतात. प्रमाणित ए-१ (सर्वांत वरच्या प्रतीच्या) पेलेटची पिशवी हिवाळ्यात १०० ला पडते असं धरा. तोच विक्रेता आत्ता, हंगामाआधी, ९४ ला देतोय. दुसरा एक जण प्रमाणपत्र नसलेले पेलेट ८५ ला द्यायला तयार आहे, पण सगळा माल एकदम उचलायचा. तिसरा कठीण लाकडाचे पेलेट ११० ला विकतो आणि ऊब जास्त मिळेल म्हणतो. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे बाजूला ठेवले आहेत. त्यातला एका महिन्याचा खर्च काढून ८५ चा माल भरावा, असं मनात आहे. योग्य होईल का?

उत्तर: ८५ चा माल एकदम भरू नका, आणि शिल्लक इतकी कमी करू नका. ही दोन वेगळी कारणं आहेत. आधी पेलेटचं बोलू, कारण खरा घोळ तिथे आहे.

तुम्ही पिशवीची तुलना पिशवीशी केलीत. पण पिशवीत तुम्ही विकत घेता ती उष्णता, आणि ती सगळ्या पिशव्यांत सारखी नसते. आयएसओ १७२२५-२ या मानकात घरगुती पेलेटच्या ए-१, ए-२ आणि बी अशा प्रती आहेत. ओल जास्तीत जास्त १० टक्के आणि किलोमागे किमान ४.६ युनिट उष्णता (किलोवॉट-तास, विजेच्या बिलावरचं युनिट तेच) ही अट तिन्हींना आहे. फरक मुख्यतः राखेत पडतो: ए-१ मध्ये ०.७ टक्क्यापर्यंत, ए-२ मध्ये १.२ आणि बी मध्ये २ टक्क्यांपर्यंत. प्रमाणपत्र नसलेल्या मालाला यातली कोणतीच हमी नाही. तो चांगला असू शकतो, पण ते जाळल्यावरच कळतं.

आता आकडे मांडू. चांगल्या ए-१ पेलेटमध्ये ओल सहा टक्क्यांच्या आसपास असेल तर किलोला ४.९ युनिट मिळतात. ओल १० टक्के झाली की तेच लाकूड ४.७ वर येतं, कारण त्या किलोत लाकूड कमी आणि पाणी जास्त असतं, शिवाय ते पाणी उडवायलाही उष्णता खर्च होते. त्यात भर भुग्याची. कमी दाबाखाली बनलेले पेलेट वाहतुकीत फुटतात आणि पिशवीच्या तळाशी चुरा साचतो. तो चाळून काढावा लागतो, नाहीतर पेलेट आत ढकलणाऱ्या स्क्रूपाशी जाऊन बसतो. हा चुरा मी तीनच टक्के धरतो. तुम्हाला हंगामाला लागतात साधारण ९,७७५ युनिट. ए-१ च्या १३३ पिशव्यांत ती भागतात; स्वस्त मालात १० टक्के ओल आणि हा चुरा धरला तर त्याच्या १४३ पिशव्या लागतील.

म्हणजे ९४ च्या भावाने ए-१ चा खर्च १२,५०२ आणि ८५ च्या भावाने स्वस्त मालाचा १२,१५५. तुमच्या मनात बचत होती ती १,१९७ ची. प्रत्यक्षात उरतात ३४७, म्हणजे ए-१ च्या चार पिशव्याही नाहीत. आता तुमच्या स्टोव्हच्या मेकॅनिकला फोन करून एका फेरीचे किती घेतो ते विचारा आणि त्याला पिशवीच्या भावाने भागा. ती फेरी चार पिशव्यांपेक्षा महाग निघाली, तर एकाच बिघाडात बचत संपली.

बिघाडाची भीती मी उगाच घालत नाही. दोन टनांमागे ए-१ ची राख जास्तीत जास्त १४ किलो. दोन टक्के राखेच्या मालाची ४० किलो. ती काढण्याचे कष्ट एक वेळ सोसता येतील, पण राख वितळते तेव्हा खरी अडचण होते. लाकडाबरोबर साल, माती किंवा पेंढा दळला गेला असेल तर सिलिका आणि पोटॅशियम वाढतं, आणि अशी राख कमी तापमानालाच मऊ पडते. जळणाच्या वाटीत ती काचेसारख्या ढेपा धरते, हवेची भोकं बुजतात, ज्योत पिवळी आणि धुरकट होते, काच काळी पडते आणि शेवटी स्टोव्ह स्वतःच बंद होतो, तेही थंडी सर्वांत जास्त असते तेव्हा, कारण जळण तेव्हाच सर्वाधिक चालू असतं.

११० च्या कठीण लाकडाला माझा साफ नकार आहे. कठीण लाकूड जास्त ऊब देतं ही समजूत सरपणातून आली आहे. सरपण आकारमानावर विकलं जातं आणि कठीण लाकडाचा तेवढाच ढीग वजनाला जड असतो, म्हणून तिथे ती खरी ठरते. पेलेटमध्ये मात्र लाकूड दळून, दाबून जवळजवळ सारख्याच घनतेचं केलेलं असतं आणि भाव किलोवर असतो. किलोमागे सगळी कोरडी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात. राळ आणि लिग्निन जास्त असल्यामुळे पाइनसारखी मऊ लाकडं उलट किंचित पुढेच असतात. या समजुतीसाठी हंगामाला ९४ च्या हिशेबाने २,१२८ जास्त देण्यात काही अर्थ नाही.

आता पैशांबद्दल. सहा टक्के सवलत लहान वाटते, पण चार-पाच महिन्यांसाठी आगाऊ पैसे देऊन ती मिळत असेल तर सुरक्षित ठेवीवर तेवढ्या काळात इतका परतावा क्वचितच मिळतो. खिशात मोकळे पैसे असते तर १३३ पिशव्या आजच घ्या म्हटलं असतं. पण हे पैसे मोकळे नाहीत. नोकरी गेली किंवा कुणी आजारी पडलं तर पेलेटच्या पिशव्या विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. तीन महिन्यांची शिल्लक मुळातच बेताची आहे.

म्हणून मधला मार्ग: आत्ता ७० पिशव्या ९४ ने घ्या, ६,५८० खर्च होतील. उरलेल्या ६३ महिन्याच्या मिळकतीतून लागतील तशा १०० ने घ्या. एकूण १२,८८०, सगळं आत्ता घेण्यापेक्षा ३७८ जास्त. एवढ्यात तुमची शिल्लक अडीच महिन्यांची राहते, आणि हिवाळा सरायच्या आत ती पुन्हा तीनवर न्या. आधी विक्रेत्याला एक विचारून पाहा: भाव ९४ चा ठरवून माल दोन खेपांत देईल का? हो म्हणाला तर हे ३७८ सुद्धा वाचतील. मात्र प्रत्येक खेपेचे पैसे माल दारात आल्यावरच द्या.

अर्धा हंगाम घरात असावा असं म्हणण्याला आणखी एक कारण आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशिया आणि बेलारूसमधलं लाकूड बंद केलं, आणि तिथल्या अनेक देशांत पेलेटचे भाव दुपटीच्या वर गेले. पुढच्या वर्षी ते पुन्हा उतरले. ज्यांच्याकडे थोडा साठा होता ते निभावले. ज्यांनी घाबरून चढ्या भावात भरपूर भरलं त्यांचे पैसे अडकले.

पिशवीवर ईएनप्लसची (पेलेटच्या दर्जाचं प्रमाणपत्र देणारी योजना) खूण असेल तर सोबत दोन अक्षरं आणि तीन आकड्यांचा क्रमांक असतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासा, खोट्या खुणाही छापल्या जातात. पिशव्या फळ्यांवर रचा, जमिनीची ओल लागली की पेलेट फुगून भुसा होतो. जागा हवेशीर ठेवा, कारण साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो; मोठ्या बंद कोठारांत त्याने माणसं दगावली आहेत.

८५ वाल्याला कायमचं नाकारू नका. दोन पिशव्या मागा. एक चाळून चुरा तोला. मूठभर पेलेट पाण्यात टाका: नीट दाबलेले असतील तर बुडतील. मग आठवडाभर जाळून वाटीत ढेपा धरतात का पाहा. माल चांगला निघाला तर पुढच्या वर्षी हा हिशेब पुन्हा मांडू, आकडे बदललेले असतील. त्याआधी स्टोव्हच्या वॉरंटीच्या पुस्तिकेतलं इंधनाचं पान उघडा. तिथे ए-१ च वापरा असं लिहिलं असेल, तर वॉरंटी संपेपर्यंत त्या दोन पिशव्याही आणू नका.