कुटुंबाचा इतिहास शोधल्याने माणसात खरोखर काही बदल होतो का?

आपण विचारले आहे की, आपल्या घराण्याचा इतिहास शोधल्याने माणसाच्या स्वभावात खरोखर काही फरक पडतो का, आणि पडत असेल तर सुरुवात कोठून करावी. माझ्या बाबतीत तो पडला, आणि त्याला ज्वारीचे एक पोते कारण झाले.

आमचे गाव अंबाजोगाई तालुक्यात आहे. 'कोणापुढे हात पसरायचा नाही' हे वाक्य आमच्या घरात देवघरातल्या टाकांइतके जपले गेले. आजोबा ते म्हणत, वडील म्हणत, आणि मी न म्हणता पाळत असे. नोकरीत एखादे काम अडले तर शेजारच्या टेबलावर विचारण्याऐवजी मी रात्री उशिरापर्यंत बसून राहत असे, आणि पत्नीच्या आजारपणात सख्ख्या मेहुण्याला 'दोन दिवस ये' असा फोन करायला मला आठवडा लागला. याला मी स्वाभिमान समजत होतो. पत्नीचे मत वेगळे होते आणि ते येथे लिहिण्यासारखे नाही.

2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरातली पत्र्याची पेटी खाली उतरली. तीत खासरा पाहणीची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल होती, आणि फसली सन घातलेले निजामी अमलातले उर्दू कागद होते. फसली सनात 590 मिळवले की साधारण इसवी सन हाती येतो, हे मला तेव्हा कळले. शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात वडिलांची जन्मतारीख 1 जून निघाली, जी त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची आहे, कारण नाव घालताना गुरुजी अंदाजाने तीच लिहीत. जमीन कोणाच्या नावावर होती हे कागदांनी सांगितले, पण त्या जमिनीवर काही पिकले नाही तेव्हा घर कशावर जगले, हे त्यांत कोठेच नव्हते.

ते विचारायला मी आत्याकडे गेलो. तिला सन सांगता येत नाहीत. 'बहात्तरच्या आधी' आणि 'किल्लारीच्या नंतर' ही तिची दिनदर्शिका, आणि त्यामागचे सारे, आईकडून ऐकलेले, 'रझाकारातले'. 1972 च्या दुष्काळात आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती आणि तेथे मिळणारी सुकडी मुलांसाठी पदराला बांधून आणत होती, एवढे मला ऐकून ठाऊक होते. आत्याने पुढचे सांगितले. दर पंधरा दिवसांनी आजी तिला बरोबर घेऊन पायी माहेरी जात असे. तेथे पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, जुनी ज्वारी शिल्लक होती. तिला कुबट वास येई आणि तिची भाकरी काळपट होई. अर्धे पोते डोक्यावर घेऊन दोघी परतत, ते मात्र दिवस मावळल्यावर आणि मागच्या दाराने, म्हणजे गल्लीतल्या कोणाच्या नजरेला पडू नये. आजोबांनी ज्वारी कोठून आली हे कधी विचारले नाही, आणि ते जेवत राहिले.

ज्या वाक्याला मी घराण्याचा बाणा समजत होतो, ते बहुधा त्या मागच्या दारातून आत आले असावे. आजोबांचा मला राग आला नाही; पदरी चार लेकरे आणि शेतात नुसती ढेकळे असलेल्या माणसाने आणखी काय करावे? पण त्यांची शरम मी स्वाभिमान म्हणून तीस वर्षे वापरली, हे स्वतःशी कबूल करणे जड गेले. त्याहून जड गोष्ट त्याच पेटीत होती. डोक्यावर पोते वाहणाऱ्या याच आत्याचे हक्कसोडपत्र, एका साडीच्या बदल्यात झालेले, मी आधी दोनदा नुसते चाळून बाजूला ठेवले होते. तो विषय आता वडिलांपुढे काढला आहे. अजून मिटलेला नाही.

मी यानंतर एकदम मोकळा झालो, असे नाही. मदत मागताना आजही घसा अडतो, पण मागतो. 'आजोबांमुळे मी असा झालो' असे म्हणून सुटण्याचा मोहही मला झाला होता, तेव्हा त्यापासून आपणही सावध राहावे.

सुरुवातीबद्दल माझे मत असे आहे की, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वहीतली वंशावळ जरूर पाहावी, पण तीत मुख्यतः पुरुषांची नावे सापडतील. त्याआधी आपल्या घरात वारंवार म्हटले जाणारे एखादे वाक्य धरावे, आणि ते कोणत्या साली, कशावरून सुरू झाले हे घरातून लग्न होऊन गेलेल्या व घरात आलेल्या बायकांना विचारावे. 'तेव्हा तुला काय वाटले' असे विचारल्यास उत्तर मिळत नाही. 'तेव्हा चुलीवर काय शिजत होते' असे विचारल्यास तासभर बोलणे होते.

निघताना मी आत्याला विचारले की, ती ज्वारी मामांकडे कधी परत गेली का. ती म्हणाली, "जवारी कुठून द्यावी बाबा? पोतं तेवढं धुवून देत होतो दर वेळी."