ठाण्यात पूर्वी दिसणारी गिधाडं गेली कुठे? माणसामुळेच गेली का?

हो, बहुतांशी माणसामुळेच. मुख्य घाव औषधाचा. दुखऱ्या गुराला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलं आणि ते एक-दोन दिवसांत मेलं, की मढं खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. यूरिक ॲसिड साचून काळीज, यकृत चुना फासल्यासारखं पांढरं पडतं. २००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच होत्या. म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरची केली. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक मात्र गिधाडांना बाधत नाही.

वीणही सावकाश: वर्षाला एकच अंडं, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. घरट्याचं झाड तोडलं, हंगाम गेला. आमचे कळव्याचे आजोबा म्हशीच्या मढ्यावरची झुंबड वर्णन करतात. मला दिसलं ते थेट रायगडातल्या म्हसळ्याकडे, तेही एकच.