व्हिटॅमिनच्या बाटलीत टाकून बायकोला गोळ्या देऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, मी 34 वर्षांचा. लग्नाला चार वर्षं झाली, दोन वर्षांपासून मूल हवंय पण होत नाहीये. बायकोच्या सगळ्या टेस्ट झाल्या, नळ्या उघड्या आहेत का ते बघायचा एक्सरे पण झाला, सगळं नॉर्मल. माझी टेस्ट आत्ता कुठे केली. शुक्राणूंचा काउंट 11 मिलियन, मोटिलिटी म्हणजे त्यांची हालचाल कमी, पस सेल्स वाढलेल्या. डॉक्टरांनी विचारलं आधी कधी काही इन्फेक्शन झालं होतं का, मी नाही म्हणालो. पण लग्नाच्या तीन वर्षं आधी एकदा एका मुलीशी संबंध आला होता, त्यानंतर लघवीला भयंकर जळजळ आणि पिवळा स्राव यायचा. मित्राने दिलेल्या गोळ्या चार दिवस घेतल्या, थांबलं. बायकोला यातलं काही माहीत नाही. आता डॉक्टरांनी अँटिबायोटिक दोघांना घ्यायला सांगितलंय. तिच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत टाकून देऊ का? रिपोर्ट सध्या माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे."

नाही. अजिबात नाही. आधी हे ऐक, मग बाकीचं बोलू.

अरे, तुम्ही मूल व्हावं म्हणून प्रयत्न करताय ना? म्हणजे कुठल्याही महिन्यात तिला दिवस गेलेले असू शकतात आणि अजून तिलाही कळलेलं नसेल. अशा इन्फेक्शनला डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक बऱ्याचदा देतात आणि ते गरोदरपणात शक्यतो टाळतात. तिला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, आणखी काय चालू आहे, हे तिला विचारल्याशिवाय कुणालाच कळणार नाही, आणि रात्री अंगावर पुरळ उठलं तर ती डॉक्टरांना काय सांगणार, व्हिटॅमिन घेतलं म्हणून? दुसऱ्याला न सांगता औषध देणं हे मी कुठल्याच कारणासाठी मान्य करणार नाही, तू कितीही प्रेमापोटी म्हणत असलास तरी.

आता तुझ्या रिपोर्टकडे येऊ, कारण मला वाटतं तू त्या कागदावर न लिहिलेल्या गोष्टीही वाचून बसलायस. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. त्या वाढल्या म्हणजे कुठेतरी सूज असू शकते, पण जंतूचं नाव त्यातून कळत नाही. शिवाय साध्या मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी आणि अर्धवट तयार झालेले शुक्राणू दोन्ही गोल गोल सारखेच दिसतात, ते वेगळे ओळखायला खास रंग वापरून टेस्ट करावी लागते, आणि वीर्याच्या एका मिलीलीटरमध्ये 10 लाखांच्या वर पांढऱ्या पेशी असतील तरच त्या जास्त धरतात. तेव्हा "तेव्हाचं पाप आता फळाला आलं" असं जे तू पत्रात पुढे लिहिलंयस ते आधी खोडून टाक. सात वर्षांपूर्वीचं इन्फेक्शन अजून आत असेलच असं नाही, ते संपून गेलं असेल आणि मागे फक्त व्रण राहिला असेल, किंवा काउंट कमी असण्याचं कारण पूर्ण वेगळंच असेल. अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असणं, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात, हे फार कॉमन कारण आहे आणि ते आधी हाताने तपासून बघतात. तुला कुणी तपासलं का? पत्रात तसं काही नाहीये. युरॉलॉजिस्टकडे जा.

आणि त्याला खरं सांग. हे सगळ्यात सोपं काम आहे, तू उगाच अवघड करून ठेवलंयस. ते लोक दिवसभर हेच ऐकतात, त्यांना तुझ्या चारित्र्यात काडीचा इंटरेस्ट नाही. पण "पिवळा स्राव होता, अर्धवट गोळ्या घेतल्या" हे कळलं की ते टेस्ट बदलतील. तू सांगतोस तसा स्राव गनोरियाचा असू शकतो, जुने लोक परमा म्हणतात तो, आणि त्याच्यासोबत क्लॅमिडिया पण बऱ्याचदा असतो. क्लॅमिडिया लबाड आहे, अनेक पुरुषांना काहीच त्रास होत नाही आणि बायकांना तर बहुतेक वेळा नाहीच. साध्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्या टेस्टमध्ये, तो उगवतच नाही, म्हणून "कल्चर निगेटिव्ह" वाचून खूश होऊ नकोस. त्यासाठी लघवीच्या पहिल्या धारेची पीसीआर टाइपची टेस्ट असते. बाटली धरायची ती अगदी सुरुवातीपासून, मधली धार नाही, आणि त्याआधी तासभर तरी लघवीला जायचं नाही. माणसं घाईत नेमकं इथेच चुकतात.

इन्फेक्शन नेमकं करतं काय तेही सांगते. अंडकोषाच्या मागे एक बारीक नळी गुंडाळून ठेवलेली असते, उलगडली तर जवळपास 6 मीटर भरेल, शुक्राणू तिच्यात पिकतात आणि पोहायला शिकतात. तिथे सूज येऊन व्रण पडला तर रस्ताच बंद होऊ शकतो, टीबी तिथे गेला तरी तेच होतं. दुसरं म्हणजे जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी शुक्राणूंचं पण नुकसान होतं, शेपटी मंदावते, आतला डीएनए तुटतो. गालगुंड मोठेपणी झाले आणि अंडकोष सुजला तर तिथे वेगळाच मार बसतो, तरी दोन्हीकडून कायमचं काम संपणं क्वचितच होतं. तुझा काउंट 11 मिलियन आहे म्हणजे रस्ता पूर्ण बंद नाहीये. 2021 च्या डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) मॅन्युअलमध्ये खालची रेघ मिलीलीटरला 16 मिलियन आहे आणि ती पास-नापासची रेघ नाही, तिच्या खालच्या लोकांना पण मुलं होतात.

एका रिपोर्टवर काहीच ठरवू नकोस. सॅम्पलच्या आधी 2 ते 7 दिवस संबंध नको, आणि पहिला थेंब सांडला असेल तर लाजू नकोस, लॅबला सांग, कारण जास्त शुक्राणू पहिल्या भागातच असतात. मागच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांग, तापानेसुद्धा काउंट पडतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण 70 ते 75 दिवस लागतात, त्यामुळे औषध संपल्यावर आठवड्याने परत टेस्ट करून रडत बसायचं नाही, तीन महिने थांबायचं. अँटिबायोटिकने जंतू जातो, रिपोर्ट सुधारूही शकतो, पण गोळ्या संपल्या की लगेच गुड न्यूज असं मी तुला सांगणार नाही. आणि मधल्या काळात जिममधल्या कुणाचं ऐकून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नकोस, त्याने शुक्राणू बनणंच थांबतं.

आता बायको. दोन वर्षं ती एकटी टेस्ट करत होती आणि तू बाहेरच्या खुर्चीत मोबाईल बघत होतास (हे मी कल्पनेने लिहितेय, चुकलं असेल तर सोडून दे). तो नळ्यांचा एक्सरे दुखतो रे बऱ्याच जणींना. तुझी टेस्ट सगळ्यात सोपी आणि ती सगळ्यात शेवटी झाली. म्हणून बोलताना माफी आधी त्याची माग, सात वर्षांपूर्वीच्या मुलीची नंतर. तो संबंध लग्नाआधीचा होता, त्यात तू तिला फसवलेलं नाहीस. रिपोर्ट लपवणं आणि त्या बाटलीचा विचार करणं हे मात्र आत्ताचं आहे.

शनिवार-रविवारी निवांत बस, रिपोर्ट बॅगेतून काढून टेबलवर ठेव आणि सरळ सांग, "माझ्या रिपोर्टमध्ये प्रॉब्लेम आहे, लग्नाआधी मला एक इन्फेक्शन झालं होतं, मी नीट उपचार घेतले नाहीत, तुला सांगितलं नाही, आता तुझीही टेस्ट करायला हवी." एवढंच. लगेच खुलासे देत सुटू नकोस. ती चिडेल, रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, ते होऊ दे. ती उलट विचारेल की हे लग्नानंतरचं कशावरून नाही, तर टेस्टमध्ये तारीख येत नाही, तुझ्या शब्दाशिवाय तुझ्याकडे पुरावा नाहीये, म्हणून तर तो शब्द आता अर्धवट देऊ नकोस. आणि तिची टेस्ट तुमच्या बाळासाठी नाही तर तिच्या स्वतःसाठी हवी, क्लॅमिडिया बाईच्या नळ्या गुपचूप खराब करतो, आज नळ्या उघड्या आहेत त्या तशाच राहाव्यात म्हणून. दोघांच्या टेस्ट झाल्या आणि निघालंच काही, तर कोर्स दोघांनी एकाच वेळी पूर्ण करा आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळा, नाहीतर एकाचं बरं झालेलं दुसऱ्याकडून परत येतं.

एक राहिलंच. अंडकोष अचानक सुजला किंवा जोरात दुखायला लागला तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून त्याच तासाला हॉस्पिटलला जा, घरी बसून अँटिबायोटिक नाही. कधीकधी ते इन्फेक्शन नसतं, अंडकोषाला पीळ पडलेला असतो, आणि तिथे हातात फक्त काही तास असतात.