फराळाची कढई आणि गोधडीची बैठक

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते आणि गेली सहा वर्षे घरीच गोधड्या शिवून देते. यंदा हाती पाच गोधड्या आहेत आणि त्या पाचही भाऊबीजेपूर्वी द्यायचे मी कबूल केले आहे. सासूबाईंचे गुडघे दुखत असल्यामुळे फराळ, चक्की, किराणा आणि पाहुण्यांची तयारी हे सारे माझ्याकडेच असते. रात्री जागून शिवते, तेव्हा टाके वाकडे पडतात आणि सकाळी तेच उसवावे लागतात. या दिवसांत कामाची घडी कशी बसवावी?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : रात्री शिवून सकाळी उसवणे हा मेहनतीचा सर्वांत मोठा अपव्यय आहे, म्हणून तो आधी थांबवू या. गोधडीची कामे दोन जातींची असतात. कापड अंथरून थर लावण्याला मोकळी जमीन, स्वच्छ हात आणि सलग तीन-चार तास लागतात. धावदोरा घालण्याचे काम मात्र दाराची घंटा वाजली की खाली ठेवता येते आणि पुन्हा हाती घेता येते. दिवाळीत तुम्हाला सलग दुपार मिळणार नाही, सुटे अर्धे तास मात्र मिळतील. तेव्हा पाचही गोधड्यांचे थर वसुबारसेच्या आत लावून, कच्चे टाके घालून, घड्या करून ठेवाव्यात.

कोजागरीपासून वसुबारसेपर्यंत जे बारा दिवस मिळतात, त्यांत अनारशांचे तांदूळ तुमच्या मदतीला येतात. तांदूळ तीन दिवस भिजतात आणि रोज एकदा पाणी बदलण्यापलीकडे तुमच्याकडून काही मागत नाहीत. तेच तीन दिवस अंथरण्याचे समजावेत. चौथ्या दिवशी तांदूळ सावलीत कापडावर पसरावेत, ते दमट असतानाच दळून चाळावेत आणि गूळ घालून पीठ मुरायला ठेवून द्यावे; पुढचे पाच-सहा दिवस त्याकडे पाहावे लागत नाही.

खालच्या अंगाला नवा मांजरपाट लावणार असाल, तर तो रात्रभर पाण्यात भिजवून त्याची खळ काढावी. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि ते गोधडीत शिवल्यावर आटले तर वरच्या जुन्या, आधीच आटून झालेल्या साड्यांना सुरकुत्या पडतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात ते दुपारपर्यंत खडखडीत वाळते. मग फरशी पुसून मांजरपाट ताणून पसरावा, चारही कोपऱ्यांवर पाटे-वरवंट्यासारखी जड वस्तू ठेवावी आणि साड्यांचे थर एकेक करून अंथरताना तळहात नेहमी मधून कडेकडे फिरवावा. कच्चे टाकेही मध्यापासूनच चारही दिशांना घालत जावेत, म्हणजे राहिलेला फुगवटा कडेला निघून जातो. कच्च्या टाक्यांनी धरलेली गोधडी कितीही वेळा उचलली, ठेवली, तरी थर सरकत नाहीत. रात्री तुमचे टाके वाकडे पडण्याचे कारण झोप असेलच, पण थर नीट धरलेले नसणे हेही असू शकते.

शिवताना दोरा हातभरच घ्यावा आणि त्यावरून मेणाचा तुकडा एकदा ओढावा. लांब दोरा घेतल्याने वेळ वाचतो असे वाटते, पण त्याला पीळ पडून गाठी बसतात आणि त्या सोडवण्यातच अर्धा तास जातो. गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये लपवावी.

बाहेरची कामे एकाच फेरीत आटोपावीत. इतवारीत मस्कासाथला किराणा आणि गांधीबागेत मांजरपाट, दोरे, अस्तर अशी यादी करून सकाळी दुकाने उघडतानाच पोहोचावे. मेट्रोने गेल्यास अग्रसेन चौकात उतरून चालत जाता येते आणि गाडी लावण्याचा प्रश्न उरत नाही. चकलीची भाजणी मात्र घराजवळच्या चक्कीवर, तीही धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी दळून आणावी. नंतर तिथे डब्यांची रांग लागते आणि तासभर उभे राहून पाय दुखतात ते वेगळेच.

तळण दोनच दिवसांत उरकावे आणि त्या दोन दिवसांत कापडाला हात लावू नये, हे मी कळकळीने सांगते. एका वर्षी सकाळी करंज्या तळून, हात साबणाने दोनदा धुऊन मी दुपारी एका आजींच्या नऊवारीची गोधडी अंथरायला बसले होते. जांभळ्या काठाजवळ बोटाच्या पेराएवढा एक ओला डाग दिसला, तो पाण्याचा असेल म्हणून मी तसाच शिवून टाकला. महिनाभराने गोधडी परत आली तेव्हा तिथे पिवळट काळे वर्तुळ पडलेले होते आणि तूप तीन थरांत उतरले होते. आजी तोवर गेलेल्या होत्या. ती साडी दुसरी मिळणार नव्हती. तेव्हापासून कढई चढते त्या दिवशी माझी सुई डब्यात असते. चिवडा शेवटी ठेवावा. तो तासाभरात होतो.

आणि पाच गोधड्यांपैकी भावाला देण्यासाठी खरोखर किती आहेत, हे फोन करून विचारावे. नागपुरात भाऊबीजेला पंखे चालूच असतात; गोधडी अंगावर घ्यायची थंडी पुढे पडते, डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा. ज्यांना केवळ हिवाळ्यासाठी हवी आहे, त्या मार्गशीर्षापर्यंत आनंदाने थांबतात. नीट सांगितले तर तुमचा शब्द मोडल्यासारखा कुणालाही वाटणार नाही.

प्रश्न : आईने शिवलेल्या गोधडीवर मुलाने बेसनाचा लाडू सांडला आणि तुपाचा डाग पडला. धुवायची भीती वाटते.
— एक वाचक, खामला

उत्तर : घाई करून पाणी लावू नये. डागावर कोरडे बेसन किंवा टाल्कम पावडर जाडसर पसरून चार तास ठेवावी, मग मऊ ब्रशने झटकावी. त्यानंतर भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब बोटाने चोळून अर्ध्या तासाने धुवावे. पण त्याआधी ओले पांढरे फडके गोधडीतल्या लाल व किरमिजी तुकड्यांवर दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला तर पूर्ण गोधडी न भिजवता डागापुरतेच धुवावे. वाळवताना दोन्ही अंगांनी ऊन द्यावे, कारण आतले थर दमट राहिले तर वास धरतात.

प्रश्न : दुकानदार कापड सुती आहे म्हणतो, पण घरी आणल्यावर ते निसरडे लागते. कसे ओळखावे?
— एक वाचक, महाल

उत्तर : कडेचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून, काडीने पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटाने सहज चुरली जाणारी करडी राख उरते. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे तपासावेत, कारण पुष्कळदा त्यांतला एकच सुती असतो.