दाखला, कूलर आणि शेततळे: सुट्टीआधी आलेले प्रश्न

निकालाचा दिवस जवळ आला की आमच्याकडे दोन प्रकारची पत्रे येतात. काहींना शाळेच्या कागदपत्रांची काळजी असते, काहींना दीड महिना घरी किंवा आजोळी राहणाऱ्या मुलांची. यंदाच्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पाण्याच्या आणि विजेच्या प्रश्नांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण तिथे चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही.

मुलगा पाचवीत आहे. गणितात कमी पडला, तर त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागेल असे बाई म्हणाल्या. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत ना?
– एक आई, वाशीम

सरसकट पुढच्या वर्गात घालण्याचा नियम आता राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि त्या आधारे महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात मूल कमी पडले तर शाळेने त्याला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. तिथेही जमले नाही, तर मूल त्याच वर्गात बसते. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

सुट्टी लागण्याआधी बाईंना भेटून उत्तरपत्रिका बघा. चुका आकडेमोडीत आहेत, शाब्दिक उदाहरण समजण्यात आहेत की वेळ पुरला नाही म्हणून शेवटची पाने कोरी आहेत, हे तीन वेगळे आजार आहेत. पाचवीत भागाकारावर अडलेले मूल बहुतेक वेळा पाढे आणि वजाबाकीतला हातचा इथेच कच्चे असते. सगळे पुस्तक पहिल्यापासून सुरू करू नका. रोज सकाळी ऊन चढण्याआधी ४० मिनिटे, आणि त्यातही आदल्या दिवशी चुकलेलीच उदाहरणे आधी. एवढे नेमाने झाले तरी पुष्कळ होते.

नोकरीमुळे यवतमाळहून पुण्याला जातो आहोत. दाखला आत्ताच काढावा की जूनमध्ये? तो हातात नसेल तर नवी शाळा प्रवेश नाकारेल का?
– एक वडील, यवतमाळ

आत्ताच काढा. सुट्टीत शाळेचे कार्यालय बंद असते किंवा मुख्याध्यापक सहीला सापडत नाहीत. शासकीय आणि अनुदानित शाळांपुरता कायदा स्पष्ट आहे: मागितल्यावर दाखला लगेच द्यायचा आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही.

दाखला हातात आला की तिथेच टेबलाशी उभे राहून वाचा. मुलाचे, वडिलांचे आणि आईचे नाव, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, जन्मगाव तालुका-जिल्ह्यासह, जात. यातले काही चुकले असेल तर ते बहुधा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येच चुकलेले असते. मूल त्या शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवून दुरुस्ती होते. नाव कमी झाल्यावर तेच काम फार अवघड होऊन बसते आणि पुढे जातीच्या दाखल्याच्या वेळी तोच एक चुकलेला काना वर्ष वर्ष अडवतो. यूडायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा मुलाचा पेन क्रमांकही (कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) लिहून घ्या. जुन्या शाळेने पोर्टलवरून मूल सोडले की नाही, हे जूनमध्ये फोन करून विचारा. कागदी दाखला मिळतो, पण ऑनलाइन नाव जुन्याच शाळेत राहते, हा घोळ नेहमीचा आहे.

आमच्या मळ्यात प्लास्टिकचा कागद टाकलेले शेततळे आहे. सुट्टीत भाऊबंदांची सात-आठ मुले जमतात. त्यांतल्या दोघांना पोहता येते. काय काय करून ठेवावे?
– एक शेतकरी, सिन्नर तालुका

पोहता येणाऱ्या दोघांचीही तेवढीच काळजी करा, कारण विहिरीत पोहणारा माणूसही कागदाच्या शेततळ्यात बुडतो. विहिरीला कपारी असतात, पायऱ्या असतात, धरायला दगड असतो. शेततळ्याच्या चारही बाजू उतरत्या, वर ५०० मायक्रॉनचा गुळगुळीत कागद आणि पाण्याच्या रेषेलगत त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर. मूल काठापर्यंत पोहत येते, गुडघा टेकवते आणि परत घसरते. असे आठ-दहा वेळा झाले की दम संपतो. खोली साधारण ३ मीटर, म्हणजे उंच माणसाचेही पाय लागत नाहीत. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, ते याच कारणाने.

या आठवड्यात करायचे काम दोरांचे. बोटाएवढा जाड नायलॉनचा दोर घ्या. चारही बाजूंना किमान एकेक आणि बाजू २० मीटरपेक्षा लांब असेल तर दोन-दोन दोर सोडा. प्रत्येक दोराला फूट-फूट अंतरावर गाठ मारा, नाहीतर ओल्या हातातून तो निसटतो. वरचे टोक कागद पुरलेल्या चरीच्या बाहेर, मजबूत खांबाला बांधा. कागदातून खुंटी ठोकू नका, गळती लागेल. खालचे टोक तळापर्यंत पोहोचले पाहिजे, कारण मे महिन्यात पाणी खाली जाते आणि आखूड दोर नेमका तेव्हाच अधांतरी राहतो. पाण्याच्या पातळीला दोराला रिकामा बंद डबा बांधा, म्हणजे घाबरलेल्या मुलाला तो दिसतो. उन्हाने नायलॉन कुजतो, तेव्हा दरवर्षी ओढून बघा आणि तंतू सुटलेला दोर बदला.

भोवती जाळीचे कुंपण हवे आणि फाटकाला कुलूप. काट्यांची वई चालत नाही, मुले तिला भोक पाडतातच. फाटकाशी २० लिटरचा झाकणबंद कॅन आणि त्याला बांधलेला १५ मीटर दोर टांगून ठेवा. कॅनमध्ये लिटरभर पाणी घाला, कारण अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भलतीकडे जातो.

मुलांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवा: कुणी पडले तर उतरायचे नाही. ओरडायचे, कॅन फेकायचा, मोठ्यांना बोलवायचे. मोठ्यांनीही काठावर पालथे पडून दोर, साडी किंवा बांबू पुढे करायचा. आणि बुडणारे मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या रेषेला, मान मागे, हात पाण्यावर दाबल्यासारखे, आणि आवाज काहीही नाही. म्हणून ‘ओरडला असता तर कळले असते’ या भरवशावर राहू नका. मुले पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाकडे फक्त बघण्याचे काम असावे, हातात मोबाइल नसावा.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर उलटे धरून फिरवू नका, पोट दाबू नका. पोटातले वर येऊन फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. उताणे झोपवा, डोके मागे आणि हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने ५ श्वास द्या. प्रत्येक श्वासाला छाती उचललेली दिसली पाहिजे. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब, मग २ श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्या, कारण श्वासाचा त्रास काही तासांनंतरही सुरू होऊ शकतो.

दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी येते. आमचा कूलर लोखंडी आहे, गॅलरीत बसवला आहे आणि मुले तिथेच खेळतात.
– एक आजी, अकोला

आजी, काळजी रास्त आहे. टाकीत बुडालेल्या पंपाचे रबरी सील दोन-तीन मोसमांत कडक होते किंवा वायरचा टेप लावलेला जोड पाण्याला लागतो. मग पाणी आणि पत्रा दोन्हींत वीज उतरते. अर्थिंग चांगले असेल तर ती जमिनीत जाते आणि बहुतेक वेळा फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल, किंवा थ्री पिनचा जाड पाय मोडून दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये कोंबला असेल, तर कूलर गारवा देत राहतो आणि पत्रा माणसाची वाट बघत राहतो. ओली फरशी, अनवाणी पाय आणि पत्र्याला ओला हात, एवढे पुरे होते.

घरात एमसीबी आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. तो १६ अँपिअरसारख्या मोठ्या प्रवाहाला पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा प्रवाह त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो, तो एमसीबीला जाणवतच नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच लागतो. वायरमनकडून तो बसवून घ्या आणि त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. त्याच फेरीत अर्थिंग तपासून घ्या आणि पंपाच्या वायरला मध्ये जोड असेल तर अखंड वायर टाकून घ्या. पत्र्याला टेस्टर लावून दिवा लागला तर कूलर त्या क्षणी बंद. दिवा लागला नाही म्हणजे सगळे ठीक, असे मात्र समजू नका.

पाणी भरताना बटण बंद करणे पुरत नाही. प्लग ओढून काढा, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी चुकीच्या तारेवर असते आणि बंद असतानाही वीज आत राहते. पायात कोरडी रबरी चप्पल हवी. ओले कपडे वाळत घालायची तार कूलरच्या जाळीला बांधू नका. मुलांचा खेळ गॅलरीतून हलवा, किंवा कूलरपुढे हातभर अंतरावर लाकडी अडसर ठेवा. फायबरचा कूलर घेतला तरी टाकीतले पाणी तेच असते, तेव्हा नियम बदलत नाहीत.

कुणी चिकटले तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच. तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने ढकलून सोडवा.

रत्नागिरीकडे आजोळी मुले अंगणात किंवा ओटीवर जमिनीवर झोपतात. विंचू आणि साप यांची भीती वाटते.
– एक आई, ठाणे

जमिनीवरची झोप बंद करा, नाहीतर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा. मण्यार रात्री फिरते आणि झोपेतल्या माणसाला चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज नसते, खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठते आणि घरचे ओवा देऊन पुन्हा निजवतात. त्यानंतर पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पहाटेच्या पोटदुखीत पापण्या मिटायला लागल्या तर थेट व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठा. दोरी आवळणे, ब्लेड मारणे काही नाही. चावलेला अवयव हलणार नाही असा ठेवा आणि मुलाला चालू देऊ नका.

लाल विंचवाच्या बाबतीत दुखण्यापेक्षा इतर लक्षणांकडे बघा. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय म्हणजे विष हृदयावर काम करते आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे यावर प्राझोसिन हे औषध वापरात आले आणि कोकणातल्या डॉक्टरांना ते ठाऊक आहे. ते जितके लवकर तितके बरे. घरात चपला झटकून घाला, खाट चिऱ्याच्या भिंतीपासून दूर ठेवा आणि सरपणाचा ढीग मुलांना उपसू देऊ नका.

ओआरएसची पुडी एक लिटरची आहे. मुलगी एवढे पीत नाही, म्हणून अर्धी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर?
– एक आई, नांदेड

नको. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी म्हणजे मीठ दुप्पट-अडीचपट. त्याने शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. पूर्ण पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, चमच्याचमच्याने पाजा, २४ तासांनी उरलेले ओता. पुडी नसेल तर लिटरभर पाण्याला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातली गोड पेये ओआरएस समजून घेऊ नका. निरोगी मुलाला उन्हातून आल्यावर ताक, कोकम सरबत, पन्हे चालते. पण अंग तापलेले आणि मूल बरळते किंवा ओळखत नाही, तर तो उष्माघात. तिथे पाजायचे काही नाही, पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही. सावलीत आणून अंगभर पाणी ओता, वारा घाला, १०८ बोलवा.

कुत्र्याचे नख लागले, रक्त आले नाही. इंजेक्शन घ्यावे का?
– एक वडील, चिंचवड

घ्यावे. रक्त न येता ओरखडा असला तरी लस लागते. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे घड्याळ लावून धुवा. चुना, हळद, तिखट काही नको. दंडात द्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आले असते तर जखमेत सीरमही द्यावे लागले असते. मुले रागावतील म्हणून अशा गोष्टी लपवतात, म्हणून संध्याकाळी हातपाय धुवून देताना पोटऱ्या आणि कोपरे बघत जा.